‘विश्वासार्ह’ ऑनलाइन कॅसिनो आणि उज्जैनमधील नोटांची रास

२०२४ च्या जूनमध्ये अमेरिका आणि वेस्ट इंडिजमध्ये टी-२० विश्वचषकाचे सामने सुरू असताना उज्जैन पोलिसांनी शहरातील काही घरांवर छापे घातले. हाती लागलेली रोकड मोजण्यासाठी यंत्रे आणावी लागली आणि आकडा थांबला तो १४ कोटी ५८ लाख रुपयांवर. सोबत निरनिराळ्या देशांचे चलन, मोबाइल आणि लॅपटॉप यांचा ढीग होता. नऊ जणांना अटक झाली. ज्याला पोलिसांनी मुख्य सूत्रधार म्हटले, तो मात्र त्या वेळी निसटला. महाकाळाच्या नगरीत एका घरात इतकी रोकड सापडावी, याचे नवल काही दिवस चालले आणि मग बातमी मागे पडली.

त्या बातमीत न विचारला गेलेला प्रश्न असा, की या नोटा नक्की कोणाच्या होत्या? ऑनलाइन सट्ट्यात ग्राहक पैसे भरतो, तेव्हा त्याच्या पडद्यावर एक आकडा उमटतो. तो आकडा वाढतो, घटतो, कधी दुप्पट होतो. ग्राहकाच्या समजुतीप्रमाणे ती त्याची शिल्लक असते. प्रत्यक्षात त्याचा पैसा भलत्याच कोणाच्या तरी खात्यातून फिरून कुठल्याशा कपाटात जाऊन बसलेला असतो. छापा पडला की तो मुद्देमाल होतो. पडद्यावर लाखभर रुपये ‘शिल्लक’ दिसणारा माणूस न्यायालयात जाऊन त्या मुद्देमालातील आपला वाटा मागू शकत नाही. त्याच्याकडे पावती नसते, करार नसतो, आणि करार असता तरी उपयोग नव्हता. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ३० नुसार पैजेचा करार शून्यवत असतो आणि पैजेत जिंकलेल्या रकमेसाठी दावा लावता येत नाही. एखादा ऑनलाइन कॅसिनो विश्वासार्ह आहे की नाही, हे पाहू लागणाऱ्याने सुरुवात येथूनच केली पाहिजे. खेळ प्रामाणिक असेल वा नसेल, जिंकलेले पैसे मागण्याचा कायदेशीर हक्कच भारतीय खेळाडूला नाही.

उज्जैनला हा विषय नवा नाही. शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ याच उज्जयिनीत घडते. गोविंद बल्लाळ देवल यांच्या संगीत रूपांतरामुळे चारुदत्त आणि वसंतसेना मराठी रसिकांच्या घरची माणसे झाली. मूळ नाटकाच्या दुसऱ्या अंकात जुगाराचा एक विलक्षण प्रवेश आहे. दहा सुवर्णमुद्रा हरलेला संवाहक जुगारअड्ड्याच्या चालकाला, म्हणजे ‘सभिका’ला, चुकवून पळतो; पाऊलखुणांनी फसगत व्हावी म्हणून उलट्या पावलांनी एका ओस देवळात शिरतो आणि मूर्तीच्या जागी मूर्ती होऊन उभा राहतो. शोधायला आलेले दोघे संशयाने त्या ‘मूर्ती’कडे पाहतात आणि मग तिच्यासमोरच फासे टाकू लागतात. फाशांचा आवाज कानी पडताच संवाहकाला राहवत नाही आणि तो पकडला जातो. मोबाइलवर ‘फुकट फेरी’ची सूचना वाजवणाऱ्यांना हा प्रवेश वाचण्याची गरज नसावी, त्यातले मर्म त्यांना पाठ आहे.

त्या काळच्या सभिकाला मात्र मालक होता. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’च्या तिसऱ्या अधिकरणात द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारी येतो. जुगार ठरलेल्या एकाच जागी चालावा, फासे आणि कवड्या शुद्ध असाव्यात, त्या बदलणाऱ्याला दंड व्हावा आणि जिंकलेल्या रकमेवर शेकडा पाच भाग घ्यावा, अशी व्यवस्था तेथे सांगितली आहे. याज्ञवल्क्य स्मृतीने सभिकावर आणखी एक जबाबदारी टाकली. हरलेल्याकडून वसूल करून जिंकलेल्याला त्याचे धन मिळवून देणे हे त्याचे कर्तव्य मानले. यात नीतीचा पुळका नव्हता. चोर कोण आणि कोणाच्या हाती अचानक पैसा खेळतो, हे राजाला एका जागी कळावे, हा हेतू स्पष्ट आहे. तरी त्यातून जुगारघराच्या विश्वासार्हतेची एक सरळ कसोटी मिळते. फासे कोण तपासतो, जिंकलेल्याचे पैसे कोण देववतो, आणि हे न करणाऱ्याला शिक्षा करण्याइतका हात कोणाचा लांब आहे?

आजचे ऑनलाइन कॅसिनो या तिन्ही प्रश्नांना तयार उत्तरे देतात. संकेतस्थळाच्या तळाशी मुद्रा झळकतात. माल्टा, आइल ऑफ मॅन, ब्रिटनचे गॅम्बलिंग कमिशन, कुरासाओ. शिवाय फासे तपासल्याची ग्वाही देणाऱ्या ई-कोग्रा किंवा गेमिंग लॅबोरेटरीज इंटरनॅशनल यांसारख्या संस्थांची प्रमाणपत्रे. या संस्था खऱ्या आहेत आणि त्यांचे कामही खरे आहे. यादृच्छिक आकडे काढणारी संगणकप्रणाली पक्षपाती नाही ना, जाहीर केलेला परतावा प्रत्यक्षात मिळतो का, हे त्या तपासतात. ब्रिटनच्या कमिशनची परवानाधारकांची नोंदवही कोणालाही पाहता येते. मुद्रेवर टिचकी मारल्यावर ती त्या नोंदवहीत न जाता नुसतेच चित्र उघडत असेल, तर पुढे पाहायला नको.

परंतु नोंदवहीत नाव सापडले म्हणून भारतीय खेळाडूचे काम भागत नाही. ब्रिटिश परवाना ब्रिटनमधील ग्राहकांसाठी असतो. कंपनीची एक शाखा तेथे कायद्याने वागते आणि तिचीच दुसरी शाखा, दुसऱ्या बेटावरील कागदाच्या आधारे, भारतात खेळाडू गोळा करते, असे घडू शकते. भारतात फिरणाऱ्या संकेतस्थळांवर कुरासाओचे नाव वारंवार दिसते. तेथे अनेक वर्षे मोजके मूळ परवानाधारक होते आणि ते पुढे पोटपरवाने वाटत. देखरेख इतकी सैल होती की अखेर त्या बेटालाच नवा कायदा करावा लागला. तो डिसेंबर २०२४ मध्ये लागू झाला. ब्रिटनसारख्या कडक व्यवस्थेतही ग्राहकांचे पैसे कंपनी बुडाल्यास सुरक्षित आहेत की नाहीत, एवढे जाहीर करण्याचे बंधन आहे. ते ‘सुरक्षित नाहीत’ असे जाहीर करणेही नियमात बसते. जेथे कायदा इतका विकसित आहे तेथे ही स्थिती. मग उज्जैनच्या कपाटातील नोटांना कोणते संरक्षण असणार?

आणि या मुद्राही वरच्या थरातील संकेतस्थळांच्या. भारतात चालणारा मोठा व्यवहार त्याच्याही खालचा आहे. तेथे संकेतस्थळ नावापुरते असते. खरा कारभार व्हॉट्सअ‍ॅपवरील एका क्रमांकावर चालतो. त्या क्रमांकावर ‘आयडी’ मागायचा, दिलेल्या यूपीआय खात्यात पैसे भरायचे, पावतीचा फोटो पाठवायचा. थोड्या वेळात आयडीवर ‘पॉइंट’ चढतात. या धंद्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे छत्तीसगडमधील भिलाईच्या तरुणांनी दुबईतून चालवलेले ‘महादेव ऑनलाइन बुक’. सक्तवसुली संचालनालयाने केलेल्या मांडणीनुसार त्याची ‘पॅनेल’ देशभर शाखांसारखी वाटली जात आणि नफा ७० - ३० या प्रमाणात विभागला जाई. एकंदरीत पॅनेलचालकाला तोटा होऊ नये अशा बेताने खेळच रचलेले असत, असेही संचालनालयाने म्हटले आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने या ॲपसह २२ बेकायदा सट्टा ॲप व संकेतस्थळे बंद करण्याचे आदेश दिले. माळव्यात सट्टा घेणाऱ्याला ‘खाईवाल’ म्हणतात. पूर्वीच्या खाईवालाला त्याच्या गल्लीत तोंड दाखवावे लागे, म्हणून तो निदान छोटी देणी चुकती करी. व्हॉट्सअ‍ॅपवरील क्रमांकाला गल्लीच नसते.

खेळ संपूर्ण प्रामाणिक आहे असे गृहीत धरले तरी हिशेब काय सांगतो, हेही पाहण्यासारखे आहे. युरोपीय पद्धतीच्या रूलेटमध्ये ३७ घरे असतात आणि एका आकड्यावर जिंकल्यास ३५ पट मिळतात. घराचा वाटा सरासरी २.७० टक्के. अमेरिकी चाकावर एक शून्य वाढते आणि वाटा ५.२६ टक्क्यांवर जातो, म्हणजे कौटिल्याच्या शेकडा पाचाच्या आसपास. फरक एवढाच की कौटिल्याचा भाग जिंकलेल्या रकमेवर होता. चाकाचा वाटा लावलेल्या प्रत्येक रुपयावर, प्रत्येक फेरीला पडतो. मोबाइलवर एका मिनिटात अनेक फेऱ्या होतात.

बोनसचे गणित याहून बोलके आहे. समजा, १० हजार रुपये भरल्यावर १० हजारांचा बोनस मिळाला आणि अट अशी की बोनसच्या ३० पट रक्कम खेळल्याशिवाय काहीच काढता येणार नाही. म्हणजे ३ लाख रुपयांचा खेळ. ९६ टक्के परतावा देणाऱ्या स्लॉट यंत्रावर त्या ३ लाखांमागे सरासरी १२ हजार रुपये जातात. मिळालेल्या बोनसपेक्षा दोन हजार अधिक. ही अट संकेतस्थळावर लिहिलेली असते आणि त्या अर्थाने फसवणूक नसते. ती वाचूनही माणूस खेळतो, हेच त्या धंद्याचे भांडवल आहे.

काढायची वेळ आली की खरी परीक्षा होते. पैसे भरताना काही न विचारणारे संकेतस्थळ परत देताना ओळखपत्रे मागते, मग पुन्हा मागते, मग ‘तपासणी सुरू आहे’ असे कळवते. काही ठिकाणी ग्राहकाला सांगितले जाते की जिंकलेल्या रकमेवरील कर आधी भरा, मग रक्कम सुटेल. येथे मात्र शंकेला जागा नाही. प्राप्तिकर कायद्यात १ एप्रिल २०२३ पासून आलेल्या तरतुदीनुसार ऑनलाइन खेळातील निव्वळ जिंकलेल्या रकमेवरील कर हा देणाऱ्याने रकमेतूनच कापायचा असतो. कर आगाऊ मागणारा माणूस कर मागत नसतो.

याहून कमी बोलला जाणारा धोका पैसे मिळाल्यावरचा आहे. ही संकेतस्थळे पैसे फिरवण्यासाठी तिऱ्हाइतांची, भाड्याने घेतलेली बँक खाती वापरतात. तीच खाती इतर सायबर फसवणुकींचा पैसाही पोटात घेतात. ‘डिजिटल अटके’च्या धाकाने एखाद्या निवृत्त शिक्षकाकडून लुबाडलेले पैसे त्याच खात्यातून कॅसिनोच्या ‘विजेत्या’ला जाऊ शकतात. तक्रार नोंदली गेली की पोलीस पैशाची साखळी धरत पुढे जातात आणि साखळीत आलेली खाती गोठवली जातात. पाच हजार जिंकलेल्या तरुणाचे पगाराचे खाते अशा रीतीने दूरच्या कुठल्या तरी राज्यातील पोलिसांच्या पत्रावरून बंद पडते आणि ते सोडवून घेण्यासाठी त्याला आपण कोठून पैसे मिळवले हे सांगावे लागते. घरच्यांना बहुधा तेव्हाच प्रथम कळते.

गोव्याच्या वाचकाला उज्जैन दूरचे वाटेल. वास्तविक आजचे महाकाळेश्वराचे मंदिर अठराव्या शतकात उभे केले ते राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी सुखटणकर यांनी, आणि ते नाव आपल्याच किनाऱ्याच्या परिसरातले आहे. पण नात्याचा हा धागा सोडला तरी प्रकरणाचा साचा गोव्याला चांगलाच परिचित आहे. आयपीएलच्या हंगामात उत्तर गोव्यातील भाड्याच्या बंगल्यांवर छापे पडतात, परप्रांतीय तरुण, लॅपटॉप आणि मोबाइल हाती लागतात, आणि बंगल्याचा मालक आपल्याला काही ठाऊक नव्हते असे सांगतो. वर्षानुवर्षे ही बातमी फक्त गावाचे नाव बदलून छापली जाते.

गोव्याची अडचण मात्र उज्जैनपेक्षा निराळी आहे. येथे ‘कॅसिनो’ हा शब्द कायदेशीर आहे. गोवा, दमण व दीव सार्वजनिक जुगार कायदा, १९७६ मध्ये १९९२ साली दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरील खेळांना वाट मिळाली आणि १९९६ च्या दुरुस्तीने ती जहाजांपर्यंत पोहोचली. मांडवीत उभ्या असलेल्या जहाजांबद्दल गोमंतकीयांची मते काहीही असोत (आणि ती तीव्र आहेत), तेथे कौटिल्याच्या तिन्ही प्रश्नांना उत्तर देता येते. परवाना कोणी दिला हे ठाऊक आहे, चिप देऊन रोकड घेण्याची खिडकी डोळ्यांसमोर आहे, आणि भांडण झाले तर पोलीस ठाणे पलीकडे नदीकाठी आहे. १ फेब्रुवारी २०२० पासून तर गोमंतकीयांना या जहाजांवर खेळायला प्रवेशच नाही. दारात ओळखपत्र पाहून पर्यटक कोण ते ठरते.

याच बंदीच्या सावलीत ऑनलाइन कॅसिनो वाढतो. ज्या तरुणाला पणजीच्या धक्क्यावर अडवले जाते, त्याला म्हापशाच्या किंवा केपेच्या घरात मोबाइलवर कोणी अडवत नाही. वय कोणी खऱ्या अर्थाने विचारत नाही, राज्य विचारण्याचा प्रश्नच नाही. आणि ‘कॅसिनो गोव्यात चालतो’ हे वाक्य त्याने लहानपणापासून ऐकलेले असल्यामुळे मोबाइलवरील कॅसिनोही कायदेशीरच असणार, अशी समजूत सहज होते. ही समजूत चुकीची आहे. गोव्याचा परवाना जहाजाला आणि हॉटेलातील दालनाला आहे. गोव्याचे नाव किंवा चित्र वापरून ऑनलाइन खेळ विकणाऱ्याला नाही. जत्रेतल्या पटावर पोलिसांनी धाड घातली की गावात केवढी चर्चा होते! खिशातल्या पटाबद्दल मात्र कोणी बोलत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन व नियमन कायद्याने चित्र आणखी स्पष्ट केले. लोकसभेने २० ऑगस्टला, राज्यसभेने २१ ला विधेयक मंजूर केले आणि २२ ला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळले जाणारे ऑनलाइन खेळ कौशल्याचे असोत की नशिबाचे, दोहोंवर त्यात बंदी आहे. असा खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद व ५० लाखांपर्यंत दंड, आणि पैशाची देवाणघेवाण सांभाळणाऱ्या बँका व संस्थांनाही शिक्षेची तरतूद आहे. ४५ कोटी लोक अशा खेळांनी बाधित होऊन वर्षाला २० हजार कोटींहून अधिक रुपये गमावतात, असा अंदाज सरकारने त्या वेळी मांडला. हा कायदा होताच ‘ड्रीम ११’ने पैशाचे खेळ थांबवले आणि भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरून तिचे नाव उतरले. कायद्याला आव्हान देणाऱ्या याचिका कर्नाटक, दिल्ली आणि मध्य प्रदेश उच्च न्यायालयांत दाखल झाल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या स्वतःकडे वर्ग करून घेतल्या.

या बंदीविषयी एक आक्षेप गंभीरपणे ऐकला पाहिजे. देशात नोंदणी असलेल्या, कर भरणाऱ्या, न्यायालयात उभे करता येणाऱ्या कंपन्या बंद होतात आणि ज्यांचा पत्ताच नाही त्या चालू राहतात. केंद्राने २०२२ ते जून २०२५ या काळात सट्टा व जुगाराशी संबंधित संकेतस्थळे आणि ॲप रोखण्याचे १,५२४ आदेश काढले. बंद झालेले संकेतस्थळ नावात एक अक्षर बदलून पुन्हा उभे राहते, हेही सर्वांना ठाऊक आहे. आक्षेपात तथ्य आहे. परंतु देशी कंपन्यांच्या काळातही परदेशी संकेतस्थळे आणि व्हॉट्सअ‍ॅपवरील आयडी जोरात होतेच. उज्जैनचा छापा आणि महादेव प्रकरण दोन्ही बंदीपूर्वीची आहेत. बंदीमुळे खेळाडूच्या दृष्टीने एक गोष्ट मात्र सोपी झाली. पूर्वी त्याला कौशल्य आणि नशीब, राज्याचा कायदा आणि केंद्राचा कायदा, देशी परवाना आणि परदेशी परवाना यांतून वाट काढावी लागे. आता पैसे स्वीकारणारा ऑनलाइन कॅसिनो ‘भारतात कायदेशीर’ असल्याचे सांगत असेल, तर तेवढ्या एका विधानावरून त्याची पारख होते. नामवंत क्रिकेटपटू जाहिरातीत दिसला म्हणूनही फरक पडू नये. अशाच एका परदेशी सट्टा ॲपच्या जाहिरातींवरून २०२५ मध्ये काही माजी खेळाडूंना सक्तवसुली संचालनालयासमोर हजर व्हावे लागले.

कायद्याने खेळाडूला गुन्हेगार ठरवलेले नाही. शिक्षा खेळ पुरवणारे, जाहिरात करणारे आणि पैसा फिरवणारे यांना आहे. ही तरतूद लोकांपर्यंत पुरेशी पोहोचलेली दिसत नाही. फसलेला माणूस तक्रार करत नाही, कारण आपणच अडकू अशी भीती त्याला वाटते, आणि त्याच भीतीवर पुढची फसवणूक उभी राहते. ‘तुमचे अडकलेले पैसे मिळवून देतो’ म्हणणारा दुसरा भामटा काही दिवसांत फोन करतो. अशा वेळी आणखी एक रुपयाही न भरता पैसे गेलेल्या खात्यांचे तपशील, यूपीआय क्रमांक आणि संभाषणाचे फोटो जपून ठेवावेत, संकेतस्थळावरून उतरवलेले ॲप मोबाइलमधून काढून बँकेचे परवलीचे शब्द बदलावेत, आणि १९३० या राष्ट्रीय सायबर मदतवाहिनीवर तक्रार नोंदवावी. गोव्यात सायबर गुन्हे विभागाचे पोलीस ठाणे रायबंदरला आहे. पैसा पहिल्या खात्यातून दुसऱ्यात जाण्याआधी तक्रार पोहोचली तर तो गोठवता येण्याची शक्यता बरीच असते. पुढे तो पाच-सात खात्यांत फुटतो, मग रोख होतो आणि कुठल्या तरी शहरातील कपाटात जातो.